शुद्ध वाळूची काच

लाज वाटावी अशा गोष्टी आमच्या कारखान्यात पुष्कळ होत्या. संडासांच्या दारांना कड्या नव्हत्या. वजनकाटा कित्येक वर्षं बिनदिक्कत खोटं बोलत होता. कँटीनमधला संस्थापकांचा फोटो इतका तेलकट झाला होता की त्यात माणूस आहे की भोपळा, यावर नव्या कामगारांत पैज लागायची. साहेबांना, म्हणजे त्याच संस्थापकांच्या चिरंजीवांना, यातल्या कशाचीही लाज वाटत नसे. त्यांना लाज वाटायची ती एकाच गोष्टीची, आणि नेमकी तीच कारखान्यातली एकमेव चांगली गोष्ट होती. आम्ही फुटक्या बाटल्यांपासून नव्या बाटल्या बनवायचो.

मी भट्टीवर असतो. काचेची भट्टी एकदा पेटली की दहा-पंधरा वर्षं विझवत नाहीत, त्यामुळे तिच्यावरचा माणूसही तितकीच वर्षं तिथेच असतो. वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून काच होते. त्याला गॅस रग्गड लागतो, आणि वर सोडा आणि चुनखडी तापली की त्यांच्यातला कार्बनही वायू होऊन चिमणीवाटे निघून जातो. फुटकी बाटली मात्र मुळात काचच असते. ती कमी गॅसवर वितळते आणि तिच्यातला वायू पहिल्या वेळीच निघून गेलेला असतो. धंद्यात तिला कलेट म्हणतात. शंभर किलोंत आम्ही साठ किलो कलेट घालायचो. पृथ्वीचा कळवळा वगैरे काही नव्हता. वाळू लांबून आणावी लागायची आणि फुटक्या बाटल्या दारात यायच्या, एवढाच आमचा विचार.

हे कलेट निवडायची शेड माझ्या मोठ्या बहिणीची होती. कारखान्याच्या मागच्या बाजूला पत्र्याचं छप्पर, लांबलचक पट्टा आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चाळीस बायका. पांढरी काच एका डब्यात, हिरवी दुसऱ्यात, तपकिरी तिसऱ्यात. बुचं, कागद, खडे वेगळे. सगळ्यात वाईट म्हणजे चिनीमातीच्या कपाचा तुकडा. तो भट्टीत वितळत नाही, बाटलीच्या काचेत खडा होऊन बसतो आणि बाटली भरताना फुटते. ताईला असा नखाएवढा पांढरा तुकडा पांढऱ्या काचेच्या ढिगात चालत्या पट्ट्यावर दिसायचा. कसा, ते मला चौदा वर्षांत कळलं नाही. आई गेली तेव्हा तिने शाळा सोडून हे काम धरलं आणि मी काचेचा डिप्लोमा केला तो तिच्या हातमोज्यांच्या जिवावर.

गिऱ्हाईक यायचं असलं की साहेब त्या शेडवर हिरवी जाळी टाकायला लावायचे आणि बायकांना सांगायचे, आवाज करू नका. चाळीस बायकांनी काच आवाज न करता निवडायची. कारखान्याच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘शुद्ध वाळूपासून’. भंगारातल्या बाटल्या आपल्या बाटल्यांत आहेत हे कळलं तर लोक काय म्हणतील, ही साहेबांची चिंता. लोक काहीच म्हणाले नसते. लोकांना बाटलीतल्या मालाशी मतलब.

अशात परदेशी कंपनी आली. जगभर बाटल्या बनवणारी, आमच्यासारखे बारा कारखाने खिशात घालून फिरणारी. त्यांना आमच्यात अर्धा वाटा हवा होता. सोबत ते नवी भट्टी देणार होते, तिचं तंत्र शिकवणार होते आणि देशाचा कार्बन कमी करणार होते. साहेब आठवडाभर नव्या बुटांत चालायला शिकत होते. कंपनीबरोबर एक सल्लागार आला. त्याला वाक्यागणिक टक्के लागायचे. ‘मी नव्वद टक्के जेवलो’ असं तो कँटीनमध्ये म्हणाला त्या दिवसापासून आम्ही त्याला टक्केवारी म्हणू लागलो.

टक्केवारीने एक फॉर्म आणला. नवी भट्टी किती वायू वाचवेल हे ठरवायचं, तर जुनी किती सोडते हे आधी लिहायला हवं. माहिती भट्टी विभागाने भरायची, म्हणजे मी. अकराव्या रकान्यात विचारलं होतं, कलेट किती टक्के?

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “शून्य लिहा. आपण काही भंगारवाले नाही.”

मी शून्य लिहिलं आणि खाली सही केली. टक्केवारीला खरं तर विचारावंसं वाटायला हवं होतं, कारण खिडकीतून जाळी दिसत होती आणि जाळीच्या मागून काचेचा खळखळाट ऐकू येत होता. पण शून्य त्याच्या सोयीचं होतं. जुनी भट्टी जितकी वाईट, तितकी नवी चांगली. लबाडाला मूर्ख भेटला की कामं भराभर होतात. त्याच आठवड्यात करार झाला, आणि कंपनीच्या माणसाशी हात मिळवतानाचा साहेबांचा फोटो कँटीनमध्ये जुन्या फोटोच्या शेजारी लागला.

नवी भट्टी पेटायला दीड वर्ष लागलं. भट्टी चांगली होती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ज्योत स्वच्छ, विटा उत्तम, वाया जाणारी उष्णता परत वापरायची सोय फार हुशारीने केलेली. तंत्र शिकवायला एक परदेशी इंजिनीअर आला होता. तो तीन महिने राहिला आणि त्याने आम्हाला कोणती बटणं दाबायची ते शिकवलं. ती बटणं दाबल्यावर आत काय होतं हे विचारलं की तो म्हणायचा, ते कपाट कुलूपबंद आहे आणि किल्ली मुख्य कार्यालयात असते. तंत्रज्ञान हस्तांतरित झाल्याचं प्रमाणपत्र मात्र आम्हा सहा जणांना मिळालं, सोनेरी किनारीचं.

हमीच्या पुस्तकात एक अट होती. स्थानिक कलेट दहा टक्क्यांपेक्षा जास्त घातलं तर हमी रद्द. एके दिवशी जेवताना मी त्या इंजिनीअरला विचारलं, तुमच्या देशातल्या भट्टीत किती घालता? तो म्हणाला, सत्तर. मग आमच्यावर दहाची अट का? तर म्हणाला, तिकडचं कलेट यंत्राने निवडलेलं आणि प्रमाणित असतं. ते यंत्र इकडे का दिलं नाही? त्याने खांदे उडवले. तुमच्या फॉर्ममध्ये तर कलेट वापरतच नाही असं लिहिलंय, मग यंत्र कशाला देतील, असं त्याने मलाच विचारलं.

सहा महिने दोन्ही भट्ट्या शेजारी-शेजारी चालल्या. नवी वाळूवर, जुनी ताईच्या काचेवर. दोन्हींचे मीटर एकाच खोलीत होते आणि दोन्हींच्या वह्या मी लिहीत होतो. शंभर किलो काचेमागे जुनी सगळा मिळून चाळीस किलो वायू सोडायची. नवीकोरी, सोनेरी प्रमाणपत्रवाली एकोणपन्नास सोडत होती. फॉर्मवर मात्र जुनीचा आकडा साठ होता, कारण शून्य कलेट धरलं की हिशेब तिथेच जातो. साठावरून एकोणपन्नास. टक्केवारीने अठरा टक्के घट जाहीर केली आणि केक कापला. शिवाय नवी भट्टी जुनीच्या दुप्पट मोठी होती, म्हणजे चिमणीतून दर दिवशी किती जास्त जाणार हे शाळेतल्या पोरालाही सांगता आलं असतं. पण शाळेतल्या पोराला केकच्या कार्यक्रमाला कोण बोलावतो?

केकच्या दुसऱ्या दिवशी ताईला कागद मिळाला. परदेशातून ऑडिटर येऊन घट तपासून गेली की जुनी भट्टी विझणार. महिनाअखेर शेड रिकामी करावी. नव्या भट्टीला लागणारं दहा टक्के कलेट कंपनी बाहेरून घेईल.

ताई तो कागद घेऊन थेट माझ्या घरी आली. रडली वगैरे नाही. खुर्चीत बसून तिने तो दोनदा वाचला आणि मग मला विचारलं की आपल्या काचेमुळे गॅस कमी लागतो ना? मी म्हटलं, हो. वायूही कमी जातो ना? हो. हे तुझ्या वह्यांत आहे ना? चौदा वर्षांचं आहे, म्हटलं. मग प्रश्न कुठे आहे, असं तिचं म्हणणं. हे लोक वायू कमी करायला आलेत, आपण तो आधीच कमी केलाय, त्यांना वह्या दाखव. तिला जग इतकं सरळ वाटायचं. खरं म्हणजे जग तिच्या पट्ट्यावर तसंच होतं, पांढरं इकडे, हिरवं तिकडे.

मी म्हटलं, बघतो. फॉर्मबद्दल काही बोललो नाही. ती उठताना म्हणाली, “चाळीस जणी आहेत रे. त्यातल्या तीस जणींना दुसरीकडे कुणी उभं करणार नाही. आणि मला हे सोडून दुसरं काही येत नाही.”

ऑडिटर बाई आल्या त्या दिवशी साहेबांनी जाळी दुहेरी केली आणि शेडमधल्या बायकांना सुट्टी दिली. तपासणीच्या यादीत जुनी भट्टी नव्हतीच. ‘बंद होण्याच्या प्रक्रियेत’ म्हणून टक्केवारीने ती कागदावरून आधीच गायब केली होती. डोळ्यांसमोर धडधडणारी भट्टी, आणि सगळे तिच्या शेजारून ती नसल्यासारखे चालत होते. बाईंनी नव्या भट्टीचे मीटर पाहिले, बारीक अक्षरांत टिपणं घेतली आणि आम्ही सगळे बैठकीच्या खोलीत येऊन बसलो. माझ्या पिशवीत चौदा वह्या होत्या. पिशवी पायाशी होती आणि मी तिला हात लावला नव्हता. तासभर झाला तरी नाही. साहेब परदेशी पाहुण्यांच्या दूरदृष्टीबद्दल बोलत होते, आणि मला माझ्याच पायाशी ठेवलेल्या पिशवीची भीती वाटत होती.

दार उघडून ताई आत आली. अंगात कामाचा झगा, हातात पत्र्याची बादली. शिपाई मागून धावत आला होता, पण काचेने भरलेली बादली घेऊन चाललेल्या बाईला अडवायला धीर लागतो. तिने ती बादली टेबलावर ठेवली, आणि साहेबांच्या फुलदाणीला बाजूला व्हावं लागलं.

“मी काच निवडते,” ती ऑडिटर बाईंना म्हणाली. “या कारखान्यात बावीस वर्षं.”

साहेब घाईघाईने म्हणाले की ही बाहेरची ठेकेदार आहे, तिचा काहीतरी गैरसमज झालाय. पण ऑडिटर बाईंना आपली भाषा येत होती, सावकाश आणि व्याकरणशुद्ध, आणि हे टक्केवारीने साहेबांना सांगितलं नव्हतं. बाईंनी बादलीत हात घातला. एक तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, मग दुसरा, मग तिसरा. मूठभर काच टेबलावर पसरून बोटाने चाळली. खडा नाही, कपाचा कण नाही, रंगाची भेसळ नाही. बाईंचा चेहरा बदलला. आपलं काम जाणणारा माणूस दुसऱ्याचं चोख काम बघताना दिसतो, तशा त्या दिसल्या. त्या खोलीत ती नजर मला पहिल्यांदाच दिसली.

“ही काच भट्टीत जाते?” त्यांनी विचारलं.

“शंभरात साठ,” ताई म्हणाली. “माझा भाऊ भट्टीवर आहे. त्याच्याकडे वह्या आहेत. दाखव रे.”

मी पिशवी टेबलावर ठेवली. दुसरं काय करणार होतो? बाईंनी चार-पाच वह्या उघडल्या आणि फॉर्म बाहेर काढून शेजारी ठेवला. साहेबांनी फॉर्मकडे एक नजर टाकली आणि ते अतिशय थंडपणे म्हणाले की ती माहिती भट्टी विभागाने भरली आहे, सही बघा. आयुष्यात साहेबांनी इतक्या चपळाईने कुठलंच काम केलं नव्हतं.

बाईंनी सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं, उगाच चढ्या आवाजात नाही. वह्या खऱ्या असतील तर फॉर्म खोटा आहे. मग घट नाही, वाढ आहे, तसं त्या लिहितील, आणि खोटी माहिती देणाऱ्या माणसावर कारवाई होईल. फॉर्म खरा असेल तर या वह्या कशाच्या आहेत ते माहीत नाही, असं धरून त्या पुढे जातील.

“तुम्हीच लिहिलंय दोन्ही,” त्या म्हणाल्या. “खरं कोणतं?”

कारखान्यातल्या चारशे माणसांची नोकरी वाचावी म्हणून मी जे बोललो ते बोललो, असं मला आता सांगता येईल. गुंतवणूक परत गेली असती, भट्टी थंड पडली असती, वगैरे. टक्केवारीने नंतर मला बाहेर नेमकं हेच सांगितलं आणि पाठ थोपटली. पण त्या क्षणी चारशे माणसांतलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात माझी सही होती.

“फॉर्म,” मी म्हटलं.

बाईंनी वह्या मिटून माझ्याकडे सरकवल्या. टेबलावरची मूठभर काच त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. साहेब चहा मागवतो म्हणाले. ताईने टेबलावर उरलेली काच तळव्याने गोळा करून बादलीत टाकली, एकही कण न सांडता, आणि बाहेर गेली. मी मागोमाग गेलो. जिन्यात ती थांबली.

“शून्य तू लिहिलंस?”

“साहेबांनी सांगितलं,” मी म्हटलं.

“ते कळलं. साहेबांना आमची लाज वाटते हे मला बावीस वर्षं माहीत आहे. मी तुझं विचारतेय. लिहिताना तुझा हात थांबला का?”

थांबला, असं म्हणता आलं असतं. तिने ते मान्यही केलं असतं. पण त्याच दिवशी एक खोटं बोलून झालं होतं आणि दुसऱ्याची ताकद उरली नव्हती. हात थांबला नव्हता. साहेब ‘भंगारवाले’ म्हणाले तेव्हा मला बरंच वाटलं होतं, की आपण भंगारवाले नाही हे डिप्लोमावाल्या माणसाने शेवटी कुठेतरी लिहून टाकलं. मी मान हलवली, नाही म्हणून. ती बादली घेऊन जिना उतरून गेली.

महिनाअखेर जुनी भट्टी विझवली. शेडचे पत्रे निघाले. साहेबांना कार्बन कमी केल्याबद्दल एक ढाल मिळाली आणि त्यांनी भाषणात ‘शुद्ध वाळू’ हे शब्द तीनदा वापरले. मला बढती मिळाली. आता माझ्या हाताखाली सहा माणसं बटणं दाबतात.

चार महिन्यांनी कळलं की ताईने बंदराच्या रस्त्यावर एक मोकळं आवार भाड्याने घेतलंय, आणि चाळीसच्या चाळीस जणी तिथे आहेत. ऑडिटर बाईंनी नेलेली ती मूठभर काच परदेशी कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली होती. तिकडच्या यंत्राला जमत नाही इतकी स्वच्छ निवड निघाली, आणि मागणी थेट ताईकडे आली. आता ताईची काच जहाजाने त्यांच्या देशात जाते, त्यांच्याच भट्टीत. तिकडे सत्तरावरून त्यांनी ऐंशी टक्के केलं, आणि त्यांच्या देशाचा वायू खरोखर कमी झाला. आमच्याकडे डोंगर फोडून वाळू येते आणि अहवालात घट दिसते. दोन्हीकडे घट, दोन्हीकडे ढाली. माझ्या मीटरवरचा आकडा मात्र वाढतच चाललाय, आणि तो बघणारा मी एकटाच.

एका सुट्टीच्या दिवशी मी तिच्या आवारात गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होतो. आवाराला कुंपण होतं, पण जाळी नव्हती. पट्टा थेट रस्त्याकडे तोंड करून चालू होता आणि बायका मोठमोठ्याने बोलत होत्या. दोन परदेशी पाहुणे माल बघायला आले होते, आणि ताई त्यांना एकेक डबा दाखवत होती. मला पाहून तिने हातमोजे काढले, एका बाईला खुर्ची आणायला सांगितलं आणि पाणी दिलं. पाहुणचारात काही कमी केलं नाही. पाहुण्यांपैकी एकाने माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण?

“ओळखीचे आहेत,” ताई म्हणाली, आणि पुढच्या डब्याकडे वळली.